भाऊबीजेला ताई येईल तेव्हा सही नको, आधी बोलणं कर

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. दिवाळीला सगळे घरी आहेत, ताईपण भाऊबीजेला येणारे, तर बाबांच्या घराचं आणि शेतीचं एकदाच काय ते मिटवू, ताईची हक्कसोडपत्रावर सही घेऊन टाकू, असं तू लिहिलंयस. मिटवायचं मनात आलं हे फार चांगलं, तुझ्या वयाची मुलं हा विषय काढतच नाहीत. पण हक्कसोडचं या दिवाळीत काढू नकोस, स्पष्टच सांगते.

एक तर घर बाबांच्या कमाईचं, आणि बाबा चांगले हिंडते फिरते आहेत, त्यामुळे त्या घरात आज ना तुझा हक्क ना ताईचा, मग ती सोडणार काय? वडिलोपार्जित शेतीत मात्र ती तुझ्याइतकीच हिस्सेदार आहे, हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीपासून, आणि 2020 ला सुप्रीम कोर्टाने हेही साफ करून टाकलं की दुरुस्ती आली तेव्हा वडील हयात असोत नसोत, मुलीचा हक्क आहेच. लग्नात सोनं घातलं म्हणून तो संपत नाही. आणि एकदा का हक्कसोडपत्र रजिस्टर झालं की ते फिरवणं महाकठीण. दोन दिवसांसाठी माहेरी आलेली बहीण आईच्या तोंडाकडे बघून नाही म्हणू शकत नाही रे, सही करून जाते आणि मग पुढच्या दिवाळीला येत नाही, अशी घरं मी पाहिलीयेत. ओवाळणीच्या ताटाशेजारी स्टँप पेपर ठेवायचा नाही. ताईला आपणहून सोडायचं असेल तर ती सोडेल, तिच्या वकिलाला विचारून, सण सोडून दुसऱ्या कुठल्याही दिवशी.

या दिवाळीत विषय काढायचा तो बाबांच्या मृत्युपत्राचा. आणि आईच्याही, कारण तिच्या नावावर एफडी आहेत, दागिने आहेत, ते सगळेच विसरतात.

तुमच्याकडे तर ते जास्तच गरजेचं आहे, कारण आजी, म्हणजे बाबांची आई, आहे. मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष गेला तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. म्हणजे बाबांच्या घरात आई, तू, ताई आणि आजी, प्रत्येकी पाव. पुढे आजीने काही लिहून न ठेवता ती गेली की तिचा पाव हिस्सा तिच्या वारसांकडे जाणार, म्हणजे काका, आत्या, आणि बाबांच्या जागी तुम्ही दोघं. आईला आपलं राहतं घर विकायचं झालं तर काका आणि आत्या दोघांच्या सह्या लागणार. माणसं चांगली असली तरी एवढ्या सह्या जमवताना वर्षं जातात.

तू म्हणशील सगळीकडे नॉमिनी लावलाय की. बँकेत मी इतकी वर्षं डेथ क्लेमचं टेबल बघितलं, तिथे सगळ्यात जास्त रडारड याच गैरसमजामुळे. एक बाई आठवतात, मिस्टर अचानक गेलेले, एफडीची पावती घेऊन आल्या, त्यावर नॉमिनी म्हणून सासूबाईंचं नाव, लग्नाआधी टाकलेलं आणि दर रिन्युअलला तसंच पुढे आलेलं. ते नाव त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचलं. बँक पैसे नॉमिनीलाच देणार, मग वारसांनी नॉमिनीकडून मागून घ्यायचे. कारण नॉमिनी मालक नसतो, तो पैसे ताब्यात घेणारा. शेअर्सबद्दल सुप्रीम कोर्टाने हे 2023 ला सांगितलंय; विम्याबद्दल 1983 लाच सांगितलं होतं, पण 2015 च्या दुरुस्तीपासून विम्यात आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर कायदा पैसे त्यांचेच धरतो. सोसायटीच्या फ्लॅटलाही तेच, नॉमिनी तात्पुरता सभासद होतो, मालकी वारसांची. म्हणून घरी गेलास की सगळ्या पावत्या काढून नॉमिनी कोण आहे ते बघ आणि मृत्युपत्राशी जुळवून घे. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनीपर्यंत लावता येतात, टक्केवारी घालून, म्हणजे आई, तू, ताई तिघांची नावं बसतात.

मृत्युपत्राला स्टँप ड्युटी नाही, साध्या कागदावर चालतं. बाबांची सही, आणि दोन साक्षीदार ज्यांनी बाबांना सही करताना पाहिलं आणि बाबांसमोर स्वतः सह्या केल्या. साक्षीदार तुम्ही दोघं नको, ज्याला काही मिळणार नाही असा माणूस घ्या, शक्यतो बाबांपेक्षा लहान. रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण करा, दुय्यम निबंधकाकडे जाऊन, आणि सोबत फॅमिली डॉक्टरचं बाबा शुद्धीवर आणि समजून सही करतायत असं सर्टिफिकेट लावा. शेतीतला फक्त स्वतःचा हिस्सा बाबा लिहू शकतात, सगळी जमीन नाही, हे वकिलाकडून नीट लिहून घ्या.

कोणी ना कोणी सुचवेल की त्यापेक्षा बक्षीसपत्र करा, महाराष्ट्रात मुलांना राहतं घर द्यायला मुद्रांक फक्त 200 रुपये आहे. तू नाही म्हण. बक्षीसपत्राने घर आजच बाबांच्या हातून जातं, मृत्युपत्र ते कधीही बदलू शकतात. आई आहे तोवर छप्पर तिच्या आणि बाबांच्याच हातात राहू दे.

विषय काढायचा तर लक्ष्मीपूजनाला नको, आई म्हणेल सणासुदीला काय हे अभद्र. भाऊबीजेचं जेवण झालं, सगळे पाय पसरून बसले की काढ, आणि सुरुवात स्वतःपासून कर, मी माझ्या पीएफचा आणि टर्म इन्शुरन्सचा नॉमिनी बदलला, माझं मृत्युपत्र लिहितोय, बाबा तुमचं कुठवर आलंय. ताईसमोरच बोल, तिच्या पाठीमागे एक शब्द नको. जावई खोलीत असले तर असू देत. बाबा त्या दिवशी काही बोलले नाहीत तर ताणू नकोस, पण तुळशीच्या लग्नाच्या सुमारास परत विचार.

आणि झाल्यावर मूळ प्रत बाबांच्या एकट्याच्या नावाच्या लॉकरमध्ये टाकू नका, ते गेल्यावर तो लॉकर उघडायलाच कागद लागतात. घरातल्या कपाटात ठेवा, आई आणि ताई दोघींना जागा माहीत हवी. मसुदा तयार झाला की मला पाठव, वाचून सांगते.

तुझी मावशी