ज्वाला नाही तर ज्वालामुखी कसला?

प्रश्न असा आलाय की मड व्होल्कॅनोला मराठीत 'चिखलाचा ज्वालामुखी' म्हणतात, पण त्यात ना लाव्हा ना आग, मग शब्द चुकीचा नाही का, आणि दुसरा कुठला शब्द आहे का.

माझ्या मते शब्द चालतो, आणि चांगला चालतो. आधी जमिनीखाली काय होतं ते बघू. मऊ गाळाचे थर एकावर एक भराभर साचत गेले की खालच्या पाण्याला निघायला वाटच राहत नाही, त्यात गाडलेल्या जैविक कचऱ्यापासून मिथेन तयार होतो, दाब वाढत जातो आणि कुठं भेग मिळाली की पाणी, गॅस, चिखल सगळंच वर येतं. अंदमानात बाराटांगला हेच चालतं, बुडबुडे फुटत राडा बाहेर येतो, आणि तो गार असतो. (अंदमानातलंच बॅरन आयलंड वेगळं हां, ते खरं लाव्हावालं, लोक दोन्हीची गल्लत करतात.) आपल्या सातारा-सांगलीत असलं काही सापडायचं नाही, कारण खाली सगळा काळा पाषाण, तोही साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि कृष्णाकाठची काळी माती कितीही खोल म्हटली तरी या कामाला अगदीच पातळ.

आता गंमत बघा. ज्वालामुखी हे हिमाचलात काँगड्यातल्या देवीचं नाव, आणि तिथं लाव्हा नाहीच, खडकाच्या फटीतून येणारा नैसर्गिक गॅस जळतो. व्होल्कॅनोला आपण ते नाव नंतर चिकटवलं. म्हणजे गॅसच बघायचा तर लाव्हाच्या डोंगरापेक्षा चिखलवालाच देवीला जवळचा! अझरबैजानात असे चिखलाचे ज्वालामुखी ३०० च्या वर आहेत, आणि तिथंच बाकूजवळ सुराखानीच्या जुन्या अग्निमंदिरात देवनागरी शिलालेखात ज्वालाजीचं, म्हणजे याच देवीचं नाव कोरलेलं आहे. शिवाय आग अजिबात नसते असंही नाही, बाकूजवळचाच लोकबातान नावाचा चिखलाचा ज्वालामुखी २००१ मध्ये उसळला तेव्हा गॅस पेटून मोठ्या ज्वाळा उठल्या होत्या.

दुसरा शब्द म्हणाल तर 'पंकज्वालामुखी' दिसतो, पेपरात लिहायला ठीक, बोलताना जीभ अडकते. 'चिखलाचा झरा' मला पटत नाही, त्यात दाब येत नाही आणि चिखल साचून होणारा तो सुळकाही येत नाही. विहिरीत खालून पाणी उसळतं त्याला उमाळा म्हणतात, त्यावरून बाराटांगसारख्या बारक्या बुडबुड्यांना 'गाळाचा उमाळा' म्हणायला माझी हरकत नाही, लोकबातानला मात्र उमाळा म्हणू नका.