कॉर्पोरेट स्ट्रॅटेजी: रणनीती, डावपेच, व्यूहरचना की धोरण?

विचारणा अशी आहे: ‘वाणिज्य शाखेत पीएचडी करते आहे, प्रबंध मराठीतून लिहायचा आहे. विषय महाराष्ट्रातल्या उद्योगसमूहांच्या कॉर्पोरेट स्ट्रॅटेजीचा. आराखड्यात मी “रणनीती” लिहिलं. मार्गदर्शकांनी ते खोडून “व्यूहरचना” केलं. समितीतल्या एका सदस्यांनी “धोरण” सुचवलं, आणि वर्तमानपत्रांत तर सर्रास “डावपेच” दिसतं. यातला बरोबर शब्द कोणता?’

चारही शब्द मराठीत चालतात, पण त्यांचे अर्थ वेगवेगळे आहेत. आणि तुमच्या विषयापुरतं बोलायचं तर समितीतल्या त्या सदस्यांचा शब्द मला सर्वांत नेमका वाटतो. का, ते सांगतो. जरा लांबेल.

‘रणनीती’ आधी बाजूला ठेवू. हिंदीत सरकारच्या धोरणाला ‘नीति’ म्हणतात: विदेश नीति, आर्थिक नीति. त्याच घरातली ‘रणनीति’ तिथे सहज नांदते. मराठीत ‘नीती’ म्हटलं की आधी शील आठवतं. नीतीने वागावं, नीतिमत्ता ढासळली, असं आपण म्हणतो. ‘राजनीती’, ‘कूटनीती’ हे संस्कृतातून आलेले समास आहेत, पण बोलताना आपण ‘राजकारण’ आणि ‘मुत्सद्देगिरी’च म्हणतो. ‘रणनीती’ गेल्या काही दशकांत हिंदी बातम्यांच्या वाटेने मराठीत रुळली. व्याकरणाने तिच्यात काही चूक नाही. पण जवळ त्याहून बरे शब्द असताना प्रबंधाच्या शीर्षकात ती कशाला?

‘डावपेच’ आखाड्यातला शब्द. डाव टाकायचा, पेच घालायचा, समोरच्याचा तोल गेला की चीत करायचं. कुस्ती ठरलेली आहे, जोड ठरलेली आहे, आता लढायचं कसं एवढाच प्रश्न उरला की डावपेच सुरू होतात. इंग्रजीत ज्याला टॅक्टिक्स म्हणतात ते हे. क्लाउझेविट्झ या प्रशियन सेनाधिकाऱ्याचा युद्धावरचा ग्रंथ १८३२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्यात त्याने ही सीमा आखून दिली आहे: एका चकमकीत सैन्य कसं वापरायचं ते टॅक्टिक्स, आणि युद्धाचं उद्दिष्ट गाठण्यासाठी चकमकी कशा वापरायच्या ती स्ट्रॅटेजी. दिवाळीच्या तोंडावर प्रतिस्पर्ध्याआधी आठवडाभर सूट जाहीर करणं हा डावपेच झाला. मुळात या धंद्यात राहायचं की नाही हा निर्णय डावपेचात बसत नाही. शिवाय मराठी ‘डावपेचां’ना कपटाचा एक वास आहे. ‘फार डावपेच खेळतो’ हे आपण कौतुकाने म्हणत नाही.

‘व्यूहरचना’ त्यामानाने भारदस्त, आणि मराठी पाठ्यपुस्तकांत व वर्तमानपत्रांत बऱ्यापैकी स्थिरावलेली. पण व्यूह म्हणजे काय? रणांगणावरची सैन्याची मांडणी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्यूहांची चर्चा दहाव्या अधिकरणात येते, म्हणजे प्रत्यक्ष लढाईच्या प्रकरणात. तिथे दंड, भोग, मंडल आणि असंहत असे त्यांचे मूळ प्रकार सांगितले आहेत. कोणाशी तह करायचा, कोणाशी विग्रह, कधी नुसतं बसून राहायचं आणि कोणाचा आश्रय घ्यायचा, हा सगळा विचार त्याने आधीच सातव्या अधिकरणात षाड्गुण्य म्हणून केलेला आहे. महाभारतातही तसंच. क्रौंचव्यूह भीष्मपर्वात, चक्रव्यूह द्रोणपर्वात. पण निःशस्त्र कृष्ण मागायचा की त्याची नारायणी सेना, ही अर्जुन-दुर्योधनाची निवड त्याच्या कितीतरी आधीची. आणि ती ज्या पर्वात आहे त्याचं नाव उद्योगपर्व! (तिथे उद्योग म्हणजे युद्धाची तयारी, कारखाना नव्हे. पण तुमच्या विषयासाठी योगायोग छान आहे.)

म्हणजे काटेकोर पाहिलं तर व्यूहसुद्धा क्लाउझेविट्झच्या सीमेच्या अलीकडचा, टॅक्टिक्सच्या बाजूचा. तरी मी तो टाकून द्या म्हणणार नाही. शब्द मूळ अर्थाला बांधलेले नसतात. स्ट्रॅटेजीच्या मुळाशी असलेला ग्रीक ‘स्ट्रॅटेगोस’ म्हणजे सेनापती, आणि अथेन्समध्ये दरवर्षी असे दहा निवडून येत. आज कॅलिफोर्नियातल्या कंपनीत बसून स्ट्रॅटेजी लिहिणाऱ्याला त्यांची आठवण येत नसणार. ‘व्यूहरचने’ची खरी अडचण निराळी आहे, तिच्याकडे नंतर येतो.

आधी इंग्रजीतला घोळ पाहा, म्हणजे आपला घोळ एवढा लाजिरवाणा वाटणार नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ मध्ये सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांतच तिथे या विषयाचा वर्ग भरू लागला. त्याचं नाव होतं ‘बिझनेस पॉलिसी’. स्ट्रॅटेजी तेव्हा लष्कराच्याच ताब्यात होती. व्यवस्थापनाच्या संशोधनात ती ठसठशीतपणे आली १९६२ मध्ये, आल्फ्रेड चँडलर यांच्या अभ्यासातून. चँडलर इतिहासकार. ड्यूपाँ, जनरल मोटर्स, स्टँडर्ड ऑइल (न्यू जर्सी) आणि सीअर्स रोबक या चार कंपन्यांचा इतिहास चाळून त्यांनी दाखवलं की कंपनी नव्या बाजारांत आणि नव्या मालांत शिरते, मग जुनी कारभाराची घडी पुरेनाशी होते आणि ती बदलावी लागते. त्यांच्या व्याख्येत तीन गोष्टी येतात: दूर पल्ल्याची मूळ उद्दिष्टं ठरवणं, त्यासाठीचा मार्ग पत्करणं, आणि लागणारी साधनसामग्री त्याप्रमाणे वाटून देणं. या व्याख्येत शत्रू कुठेही नाही, एवढं लक्षात ठेवा. १९६५ मध्ये इगोर अॅन्सॉफ यांचं पुस्तक आलं, त्याच्या नावातच ‘कॉर्पोरेट स्ट्रॅटेजी’. पुढे १९७७ मध्ये पिट्सबर्गला अभ्यासकांची परिषद भरली आणि १९८० मध्ये ‘स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट जर्नल’ सुरू झालं. तोवर ‘पॉलिसी’ हे नाव मागे पडलं होतं. आपल्याकडच्या विद्यापीठांत मात्र बिझनेस पॉलिसीचा पेपर पुढेही कित्येक वर्षं टिकला. काही ठिकाणी दोन्ही नावं ‘आणि’ने जोडून सगळ्यांचीच सोय पाहिलेली दिसते.

तेव्हा ‘धोरण म्हणजे पॉलिसी, स्ट्रॅटेजी नव्हे’ असं मार्गदर्शक म्हणाले तर त्यांना नम्रपणे सांगा, की या विषयाचं इंग्रजी नावच पॉलिसी होतं.

आणि ‘धोरण’ हा पॉलिसीचा प्रतिशब्द म्हणून घडवलेला शब्द नाही. सरकारने तो औद्योगिक धोरण, शैक्षणिक धोरण असा वापरून वापरून गुळगुळीत केला, एवढंच. त्याच्या आधी तो घराघरांत होता. ‘धोरणी माणूस’ म्हणजे नियम करणारा माणूस नव्हे. पुढचं ओळखून आज पाऊल टाकणारा, प्रसंगी एक पाऊल मागे घेणारा माणूस. ‘त्याला काही धोरणच नाही’ म्हणजे पैसा आहे, कष्ट आहेत, पण कुठे जायचंय ते ठरलेलं नाही. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले दिले आणि बारा राखले. याला आपण डावपेच म्हणत नाही, व्यूहरचनाही म्हणत नाही. तो धोरणीपणा. चँडलरच्या व्याख्येशी ताडून पाहा: उद्दिष्ट दूरचं, मार्ग पत्करलेला, साधनं राखून ठेवलेली.

आता तुमच्या शीर्षकातला ‘कॉर्पोरेट’. संशोधनात दोन पातळ्या वेगळ्या मानतात. कोणत्या धंद्यांत असावं, कोणता सोडावा, मिळालेला नफा कुठे गुंतवावा, हा वरच्या पातळीचा प्रश्न आणि तीच कॉर्पोरेट स्ट्रॅटेजी. एका धंद्यात शिरल्यावर तिथल्या स्पर्धकांपुढे कसं उभं राहायचं, हा दुसरा प्रश्न. मायकेल पोर्टर यांचं १९८० चं पुस्तक या दुसऱ्या प्रश्नाचं आहे, आणि पहिल्याबद्दल त्यांनी १९८७ मध्ये स्वतंत्र लेख लिहिला. माझा सगळा मुद्दा इथे येऊन ठेपतो. व्यूह रचायला समोर कोणीतरी लागतं. दुसऱ्या पातळीवर स्पर्धक समोर उभाच असतो, तिथे ‘व्यूहरचना’ खुशाल लिहा, चपखल बसते. पहिल्या पातळीवर समोर कोणी नाही. तिथे फक्त वाटा आहेत, आणि त्यांतून निवड करायची आहे. तिथे ‘धोरण’.

तुमच्या विषयातलंच उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज आडवा आला. तो समज घालवायला जे जे केलं ते विक्रीचं कौशल्य. पण सायकलवरून नांगराकडे, नांगरावरून चरकाकडे आणि पंपाकडे, १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी, १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनं आणि बंगळूरला विजेच्या मोटारी, हा जो पल्ला आहे त्यात कोणाविरुद्ध व्यूह रचलेला दिसतो? हा पल्ला धोरणाचा. त्याउलट बजाज ऑटोने २००९ च्या डिसेंबरात स्कूटर बंद करून मोटारसायकलींवर भर द्यायचं जाहीर केलं, ते प्रकरण दोन्ही पातळ्यांवर वाचता येतं. घराघरांत नाव पोचवणारी वस्तू सोडणं हे धोरण. मोटारसायकलींत कोणत्या गाडीने कोणाला अडवायचं ही व्यूहरचना. (२०२० च्या जानेवारीत चेतक परत आली, विजेवर चालणारी होऊन. तुमच्या प्रबंधात या एका गाडीवर अख्खं प्रकरण होईल.)

मघाशी राखून ठेवलेली अडचण आता सांगतो. ‘व्यूहरचना’ म्हटलं की कोणीतरी आधी बसून रचली असं गृहीत धरलं जातं. पण स्ट्रॅटेजी नेहमी रचलेली असते का? यावर या शास्त्रात मोठा वाद झाला आहे. अमेरिकेतल्या होंडाचं उदाहरण त्यात हमखास येतं. ब्रिटिश मोटारसायकल उद्योगाची अवस्था तपासायला तिथल्या सरकारने बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीला नेमलं. त्यांच्या १९७५ च्या अहवालातून होंडाचं चित्र असं उभं राहिलं: मोठं उत्पादन, कमी खर्च, पद्धतशीर चढाई. मग रिचर्ड पास्कल या अभ्यासकांनी प्रत्यक्ष अमेरिकेत गेलेल्या होंडाच्या माणसांनाच विचारलं आणि १९८४ मध्ये लेख लिहिला. होंडाच्या त्या माणसांची हकिगत अगदीच वेगळी निघाली. १९५९ मध्ये ही मंडळी लॉस एंजेलिसला गेली ती मोठ्या गाड्या विकायला. अमेरिकेतल्या लांब पल्ल्यांवर त्या गाड्यांचं तेल गळायला लागलं, क्लच जायला लागले. शहरात कामासाठी फिरायला त्यांनी स्वतःपुरत्या पन्नास सीसीच्या छोट्या गाड्या नेल्या होत्या, त्यांच्याकडे लोक वळून बघू लागले. सीअर्स या मोठ्या विक्रेत्या कंपनीच्या माणसाने चौकशी केली. मोठ्या गाड्या अडकून पडल्यावर नाइलाजाने छोट्या विकायला काढल्या, आणि त्या चालल्या.

व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी जेम्स वॉटर्स यांच्याबरोबर १९८५ मध्ये याच अंगाने मांडणी केली, की काही स्ट्रॅटेजी योजलेली असते आणि काही कृतींच्या ओघातून घडत जाते. मागे वळून पाहिलं की त्या कृतींत एक सूत्र दिसतं, त्यालाही स्ट्रॅटेजीच म्हणायचं. या दुसऱ्या प्रकाराला मराठीत ‘घडत गेलेली व्यूहरचना’ म्हणून पाहा. जीभ अडखळते, कारण रचना घडत जात नाही, ती करावी लागते. ‘घडत गेलेलं धोरण’ म्हणा, काही खटकत नाही. ‘त्याच्या बोलण्याचं धोरण’ म्हणजे बोलण्याचा रोख, ओघ. तो आधी ठरवलेला असतोच असं नाही, ऐकणाऱ्याला तो हळूहळू उमगतो. हा अर्थ ‘धोरण’ या शब्दात आयता आहे.

राहिला आक्षेप पॉलिसीचा. प्रबंधात दोन्ही कल्पना शेजारीशेजारी येणार, मग पॉलिसीला काय म्हणायचं? कंपनीच्या आतल्या पॉलिसीला माणसं बोलताना ‘नियम’च म्हणतात. रजेचे नियम, माल परत घेण्याचे नियम. तेच लिहा. सरकारी पॉलिसीला ‘शासकीय धोरण’ असं विशेषण जोडून लिहा, गोंधळ होणार नाही. एक खड्डा मात्र टाळा: ‘स्पर्धा धोरण’ हा जोड वापरू नका. त्याने स्पर्धा आयोगाच्या कामाचा, म्हणजे मक्तेदारी रोखण्याच्या सरकारी धोरणाचा बोध होतो. तिथे ‘स्पर्धेतील व्यूहरचना’.

विशेषणांपैकी ‘सामरिक’ सीमेवरच्या रस्त्यांना आणि बंदरांना राहू द्या. बाकी ठिकाणी पातळी पाहून ‘धोरणात्मक’ किंवा ‘व्यूहात्मक’. आणि मार्केटिंगचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणारच. पाठ्यपुस्तकांत ‘विपणन’ आहे, महाराष्ट्र शासनाकडे ‘पणन’ खातं आहे. पण पणन म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे कापूस, कांदा आणि बाजार समिती उभी राहते. शाम्पूच्या जाहिरातींवर लिहिताना ते विचित्र वाटेल. ‘विपणन’ लिहा, किंवा सरळ देवनागरीत ‘मार्केटिंग’. मी दुसरं लिहितो.

शीर्षक मी असं करीन: ‘महाराष्ट्रातील उद्योगसमूहांचे व्यवसायनिवडीचे धोरण’. ‘उद्योगसमूह’ या शब्दात ‘कॉर्पोरेट’ येऊन गेलं, ते पुन्हा लिहायची गरज नाही. मार्गदर्शक ‘व्यूहरचने’वर अडून बसले तर वाद घालू नका. शीर्षकात त्यांचा शब्द ठेवा आणि पहिल्या प्रकरणात दोन्ही संज्ञांच्या व्याख्या देऊन पुढे प्रत्येक पातळीला तिचा शब्द काटेकोरपणे वापरा.