आधी पोरीचा मोबाईल परत द्या, मग करिअरचं बोलू

नमस्कार दादा,

तुमचं पत्र नीट वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. पत्र लिहिणाऱ्या दादांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात स्वतःचं मशीन शॉप आहे. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, बारावीला 74 टक्के होते, पहिल्या वर्षाला 58 वर आली. आकाशवाणी कोल्हापूरवर 'युववाणी' ह्या तरुणांच्या कार्यक्रमात तिचे काही भाग झालेत, आणि डिग्री झाली की तिला तिथं कॅज्युअल निवेदक म्हणून ऑडिशन द्यायचीय. दादांचा प्रश्न असा, की हे पुढं पर्मनंट होणार का? होणार असेल तर करू देतो, नाहीतर आत्ताच बंद करून बँकेच्या क्लासला घालतो.

दादा, उत्तर देते, पण आधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल बोलायचंय. तुम्ही जाता जाता लिहिलंय की महिना झाला तिचा मोबाईल काढून कपाटात ठेवलाय, कारण त्यात गुऱ्हाळावरच्या बायकांचं, शाहू स्टेडियमवरच्या मॅचचं असलं काय काय रेकॉर्डिंग भरून ठेवलंय आणि त्या नादात अभ्यास होत नाही. आणि त्याच्याच खाली, "हल्ली ती घरात फारशी बोलत नाही." ही दोन वाक्यं तुम्ही एकाखाली एक लिहिलीत आणि तरी त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं तुम्हाला वाटलं नाही, मला ह्याचीच जास्त काळजी वाटली, मार्कांची तेवढी नाही.

चार पानी पत्र आहे तुमचं. त्यात फी आहे, क्लासचं वेळापत्रक आहे, तुमच्या मेव्हण्याचं मत आहे, शेजारच्यांचा मुलगा बँकेत लागला ते आहे. ती नेमकं काय रेकॉर्ड करते, त्यात काय ऐकू येतं, ते रेडिओवर लागलं तेव्हा कसं झालं होतं, ह्यातलं एक अक्षर नाही. तुम्ही ऐकलंय का ते, खरं सांगा. रेडिओवर तिचा भाग लागला त्या दिवशी तुम्ही शॉपवर होता की घरात होता, आणि घरात असलात तर रेडिओ लावला होता का? मी टोचायला विचारत नाही, मला खरोखर जाणून घ्यायचंय, कारण जे काम तुम्ही बंद करायला निघालाय ते तुम्ही एकदाही तपासलेलं नाही असं पत्रावरून दिसतं, आणि मशीनवरचा एक जॉबसुद्धा तुम्ही असा न मोजता रिजेक्ट करत नसणार.

मला कळतं हे कुठून येतं. फाउंड्रीच्या ऑर्डरी कधी ढीगभर, कधी महिना महिना हात चोळत बसायचं, हे सगळं सोसून तुम्ही घर उभं केलंत, तर लेकीला पहिल्या तारखेला पगार यावा असं वाटणारच, त्यात चूक काहीच नाही. पण ती काळजी धाक होऊन तिच्यापर्यंत पोचतेय. गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारणारी बाई अनोळखी पोरीशी सहजासहजी मोकळं बोलत नाही हो, तिला बोलतं करायला वेळ द्यावा लागतो, तिचं ऐकून घ्यावं लागतं. ते तुमच्या लेकीला जमतंय, वीस वर्षाच्या वयात, कुणी न शिकवता. अशी पोरगी स्वतःच्या घरात गप्प झाली असेल तर तो अभ्यासाचा प्रश्न नाही.

आणि 58 टक्क्यांचं. मार्क कुठल्या विषयात गेले हे तुम्ही लिहिलेलंच नाही. अकाउंट्समध्ये गेले की इंग्रजीत, की ज्या सेमिस्टरला आजारी होती त्यात? रेडिओमुळं गेले हे तुम्ही ठरवून टाकलंत. आधी मार्कशीट घेऊन तिच्याशेजारी बसा आणि विचारा, आवाज न चढवता.

आता तुमचा मूळ प्रश्न. कॅज्युअल लागलं की चार-पाच वर्षांत पर्मनंट करतात, हा समज आपल्याकडं इतका पक्का आहे की शिकलेली माणसंसुद्धा तो छातीठोकपणे सांगतात. तसं नाहीये दादा. कॅज्युअल म्हणजे ड्युटीप्रमाणे बुकिंग, ज्या दिवशी ड्युटी त्या दिवसाचे पैसे, आणि ह्या ड्युट्या साधारणपणे महिन्याला सहापेक्षा जास्त देत नाहीत, ते मुद्दाम, नोकरीचा हक्क सांगता येऊ नये म्हणून. लेखी परीक्षा, आवाजाची चाचणी, मुलाखत, निवड झाली तर 'वाणी' नावाचा प्रशिक्षण कोर्स, हे सगळं करूनही हातात येते ती यादीतली जागा, नोकरीची ऑर्डर नव्हे. निवेदकांची नियमित भरती वर्षानुवर्षं जवळजवळ थांबलेलीच आहे, आणि प्रोग्रॅम एक्झिक्युटिव्हसारखी पदं दिल्लीहून, देशपातळीवर भरली जातात, तिथं कोल्हापूरला किती ड्युट्या केल्या ह्याला वेगळे मार्क नसतात. आकाशवाणी आता सरकारचं खातंसुद्धा राहिलेलं नाही, 1997 पासून ती आणि दूरदर्शन प्रसार भारती ह्या स्वायत्त मंडळाखाली आहेत. त्यामुळं तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर, नाही, पर्मनंट होणार नाही, ते धरून चालूच नका. आणि कुणी "माझी वर ओळख आहे, थोडे पैसे लागतील" म्हणून आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

पण "नाही" म्हटलं म्हणून बंद करा असं मी म्हणत नाहीये, आणि इथंच तुमचं माझं पटत नाही. तुमच्या शॉपवर नवीन पोरगा येतो तेव्हा त्याला लगेच गिऱ्हाईकाचा जॉब देत नाही तुम्ही, आधी स्क्रॅपवर हात बसवायला लावता, आणि तो पुढं तुमच्याकडंच राहील असंही नसतं, पण शिकलेला हात त्याच्याबरोबर जातो. आकाशवाणीचं तेच आहे. युववाणी 1969 ला दिल्लीत सुरू झाली ती नेमकी ह्याचसाठी, की पंधरा ते तिशीच्या पोरांना माईकसमोर बसता यावं, कुणाच्या घरात कोण गवई किंवा कलेक्टर आहे हे न बघता. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना ऑडिशन देऊन बी ग्रेडपासून टॉपपर्यंत चढता येतं, बोलणाऱ्यांना तसली ग्रेड नसते, त्यांना मिळते ती सवय, दहा मिनिटं म्हणजे दहाच मिनिटं, स्क्रिप्ट आधी दाखवायची, कुणाची बदनामी होईल असं वाक्य काढून टाकायचं, नावाचा उच्चार फोन करून विचारून घ्यायचा. ही शिस्त रील बनवून येत नाही. आणि ह्याला वयाची अट आहे, बँकेची परीक्षा ती पंचविसाव्या वर्षीही देऊ शकेल, पण युववाणीचं दार तिशीनंतर बंद होतं.

हे सांगताना मला रागही येतो, तो लपवत नाही. आपल्या सार्वजनिक प्रसारणानं तरुण पोरांसाठी जेवढं करायला पाहिजे त्याच्या पासंगालाही आपण नाही. ब्रिटनमधल्या वेल्सचं बघा. सगळ्या वेल्सची लोकसंख्या 2021 च्या जनगणनेत 31 लाख, आपला एकटा कोल्हापूर जिल्हा 2011 लाच 38 लाखांच्या वर होता. त्या 31 लाखांत वेल्श बोलणारे साडेपाच लाखांच्या आत. तरी त्यांना स्वतःच्या भाषेचं सार्वजनिक चॅनेल आहे, एस-फोर-सी, 1982 ला सुरू झालं, आणि ते फुकट नाही मिळालं, सरकारनं ह्या चॅनेलचा दिलेला शब्द फिरवला तेव्हा 1980 साली ग्विनफॉर एव्हान्स ह्या म्हाताऱ्या पुढाऱ्यानं आमरण उपोषणाची घोषणा केली आणि पंतप्रधान थॅचरबाईंच्या सरकारला मागं यावं लागलं. 2017 पासून त्यांनी फक्त तरुणांसाठी 'हान्श' नावानं ऑनलाईन कार्यक्रम सुरू केले, छोटे व्हिडिओ, विनोद, माहितीपट, आणि त्यात नवीन पोरांना संधी. आणि तुमच्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट, एस-फोर-सी बहुतेक कार्यक्रम स्वतः बनवतच नाही, बाहेरच्या छोट्या छोट्या कंपन्यांकडून बनवून घेतं, म्हणजे पोटापाण्याचं काम चॅनेलच्या इमारतीत कमी आणि आजूबाजूच्या कंपन्यांत जास्त. आपल्याकडं तशी व्यवस्था नाही, सह्याद्री वाहिनी आहे, 2024 च्या नोव्हेंबरात प्रसार भारतीनं 'वेव्हज' नावाचं ओटीटी काढलंय, पण पन्हाळ्याच्या किंवा गडहिंग्लजच्या पोरानं काय घेऊन कुणाकडं जायचं ह्याची साधी सरळ वाट नाही. ती असायला पाहिजे, करवीरनगरीत तर असायलाच पाहिजे, अल्लादिया खाँसाहेबांसारख्या थोर गवयाला शाहू महाराजांनी आसरा दिला तो हाच गाव.

पण वाट नाही म्हणून तुमच्या लेकीनं थांबायचं का? काम आहे, फक्त त्याला सरकारी शिक्का नाही. ऑडिओबुक, डबिंग, शेतीच्या कंपन्यांचे मराठी ऑडिओ-व्हिडिओ, संस्थांच्या मुलाखती, खाजगी एफएम, ह्या सगळ्यांना मराठीत नीट लिहिणारी आणि माणसांना बोलतं करणारी पोरं हवी असतात. पैसा सुरुवातीला कमी आणि अनियमित असतो, हे तिलाही स्पष्ट माहीत पाहिजे.

तुम्ही भाषेचंही लिहिलंय, "आमची बोली गावंढळ, पुण्या-मुंबईच्या पोरींपुढं टिकणार नाही." निवेदन वाचताना प्रमाण मराठी स्वच्छ यायला पाहिजे, ते सरावानं येतं, रोज अर्धा तास पेपर मोठ्यानं वाचू दे, सकाळी 7 वाजून 10 मिनिटांच्या पुण्याच्या बातम्या ऐकू दे. पण गुऱ्हाळावर गुळव्याशी बोलताना तिनं पुणेरी मराठी काढली तर तो दोन वाक्यांत उरकेल आणि काहिलीकडं वळेल. पाटाकडील आणि दिलबहार ह्या तालमींची फुटबॉल मॅच सुरू असताना गॅलरीत काय बोललं जातं ते कोल्हापूरच्याच पोरीला टिपता येतं. "आवाजातला गावठीपणा काढून देतो" असल्या महागड्या क्लासला पैसे घालू नका.

तर करायचं काय. डिग्री पूर्ण व्हायलाच पाहिजे, कॅज्युअलच्या ऑडिशनलाही पदवी लागते, त्यामुळं ह्यात मी तिच्या बाजूनं सूट देणार नाही, दुसऱ्या वर्षाला साठच्या वर यायला पाहिजे आणि ते तिला जमेल. बँकेची किंवा एमपीएससी तिला स्वतःला द्यावीशी वाटली तर तिसऱ्या वर्षानंतर बघू, क्लास गावात पाहिजे तेवढे आहेत. पदवीनंतर शिवाजी विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाची चौकशी करून ठेवा, घरात राहून शिकता येईल. तोपर्यंत युववाणी चालू राहू दे, आणि परीक्षेच्या महिन्यात ती स्वतःच रेकॉर्डिंग बंद ठेवेल असं तिच्याकडून कबूल करून घ्या, तुम्ही मोबाईल काढून घेण्यापेक्षा ते जास्त टिकतं. सुट्टीत तिला एक मोठं काम हातात घेऊ दे, 2019 आणि 2021 च्या पुरात चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातली गावं बुडाली, तिथल्या माणसांना काय आठवतंय ते पंधरा मिनिटांत बांधायचं. पदवी झाल्यावर दोन वर्षं द्या. दोन वर्षांत ह्या कामातून महिन्याचा खर्च भागेल एवढं जमलं नाही तर दुसरी नोकरी करत हे चालू ठेवायचं, हे आत्ताच तिघांनी बसून ठरवा, वहिनींना त्यात घ्या, त्यांचा पत्रात कुठं उल्लेखच नाही.

आणि मोबाईल आज संध्याकाळी परत द्या, शॉप बंद झाल्यावर. देताना "अभ्यास कर" म्हणू नका. गुऱ्हाळाचं रेकॉर्डिंग लावायला सांगा आणि पूर्ण ऐका, मध्ये फोन आला तरी उचलू नका. त्यातली रेकॉर्डिंग दुसरीकडं कुठं ठेवली नसतील तर एक हार्डडिस्क घेऊन द्या, मोबाईल पडला तर सगळं जाईल.

पुढचं पत्र मला तिच्या हातचं येऊ दे. करिअर तिचं आहे, प्रश्नही तिनंच विचारावेत, आणि ते तुम्हाला दाखवायचं की नाही तेही तिच्यावर सोडा.