पोटॅशियम कमी, अल्डोस्टेरॉनही कमी : लिडल सिंड्रोमची शंका

तुमच्या भावाचं वय २२, तीन गोळ्या घेऊनही बीपी उतरत नाही, पोटॅशियम कमी, आणि वडिलांनाही तिशीच्या आतच बीपी सुरू झालेलं. डॉक्टरांनी लिडल सिंड्रोमसाठी, म्हणजे मूत्रपिंड जास्तीचं सोडियम राखून बीपी वाढवतं अशा आनुवंशिक आजारासाठी, जनुक तपासणी सांगितली आहे, ती जरूर करा.

बीपी जास्त आणि पोटॅशियम कमी दिसलं की पहिला संशय अल्डोस्टेरॉनवर जातो. मूत्रपिंडाला सोडियम राखायला आणि पोटॅशियम बाहेर टाकायला हेच संप्रेरक लावतं. भावाच्या रिपोर्टमध्ये मात्र ते आणि रेनिन (अल्डोस्टेरॉन बनायला लावणारं मूत्रपिंडातलं द्रव्य) दोन्ही अगदी कमी आहेत. म्हणजे हुकूम नसतानाही सोडियम आत घेतलं जातंय.

मूत्रनलिकेच्या पेशींवर सोडियम आत घेणाऱ्या वाहिन्या असतात, त्यांना ईनॅक म्हणतात. एनईडीडी४एल जनुकापासून बनणारं प्रथिन या वाहिन्यांच्या टोकाला चिकटून त्यांच्यावर खूण करतं, मग पेशी त्यांना आत ओढून मोडीत काढते. लिडलमध्ये दोष बहुतेक वेळा खुद्द वाहिनीच्या जनुकांत असतो, एससीएनएन१बी किंवा एससीएनएन१जीमध्ये. प्रथिनाला चिकटायची जागाच नाहीशी होते आणि वाहिन्या पृष्ठभागावर साचत जातात. म्हणून नुसतं ‘एनईडीडी४एल नॉर्मल’ वाचून थांबू नका. ही दोन जनुकं तपासली का, ते लॅबला विचारा.

भावाला स्पायरोनोलॅक्टोन या गोळीने फरक का पडला नाही, याचं उत्तरही इथेच आहे. ती गोळी अल्डोस्टेरॉनचा मार्ग अडवते, आणि इथे अल्डोस्टेरॉनचा संबंधच नाही. अमिलोराइड किंवा ट्रायमटेरिन ही औषधं थेट वाहिनीच बंद करतात. डॉक्टर ग्रँट लिडल यांनी १९६३ मध्ये हा आजार वर्णिला, तेव्हाच ट्रायमटेरिनचा गुण दिसला होता. त्यांच्या त्या पहिल्या रुग्ण मुलीचं मूत्रपिंड पुढे निकामी झालं. प्रत्यारोपणानंतर तिचा आजारच सरला, म्हणजे दोष मूत्रपिंडातच होता.

एक गोष्ट आधी विचारून घ्या: भाऊ ज्येष्ठमध घेतो का? खोकल्यासाठी, गळ्यासाठी रोज चघळणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. जास्त प्रमाणात त्यानेही हुबेहूब असेच रिपोर्ट येतात, आणि ते बंद केल्यावर काही आठवड्यांत सुधारतात.

लिडल ठरलं तर वडिलांची आणि भावंडांचीही तपासणी करा, तुमचीसुद्धा. दोष प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. जेवणातलं मीठ कमी केल्याने औषधाचा गुण वाढतो. अमिलोराइड सुरू झाल्यावर पोटॅशियमचं सिरप चालू ठेवायचं का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा आणि रक्त पुन्हा तपासा. दोन्ही एकत्र राहिली तर पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं.