समाजकार्याचा अभ्यासक्रम ठरवताना विद्यार्थ्यांना स्थान कोठे द्यावे?

समाजकार्याच्या अभ्यासक्रमाच्या आखणीत विद्यार्थ्यांना सहभागी करून घेण्याचे प्रयोग जगात कोठे झाले आहेत का, आणि आपल्याकडे ते जमतील का, असे आपण विचारले आहे. एमएसडब्ल्यू या समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीच्या विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्याचे, म्हणजे प्रत्यक्ष वस्तीत वा गावात जाऊन केलेल्या कामाचे, पर्यवेक्षण मी काही वर्षे केले असल्याने त्या अनुभवावरून उत्तर देतो.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचा प्रयोग. तेथे २००५ पासून एका अभ्यासक्रमात समाजकार्याचे नियमित विद्यार्थी आणि बेघरपण, व्यसन किंवा मानसिक आजार स्वतः अनुभवलेले, अशा लोकांच्या संघटनांतून आलेले विद्यार्थी एकाच वर्गात शिकतात, मिश्र गटांत प्रकल्प आखतात आणि दोघांनाही विद्यापीठाचे श्रेयांक मिळतात. ज्याच्याविषयी शिकायचे तोच शेजारच्या बाकावर बसलेला असल्यामुळे ‘लाभार्थी’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी माणूस दोनदा विचार करतो. दक्षिण आफ्रिकेत २०१५ मध्ये केप टाउन विद्यापीठातील सेसिल ऱ्होड्स या ब्रिटिश साम्राज्यवाद्याचा पुतळा हटवण्यासाठी विद्यार्थ्यांनी आंदोलन केले, तेव्हा अभ्यासक्रमात ज्ञान कोणाचे आहे हा प्रश्नही ऐरणीवर आला. मात्र आंदोलनाने प्रश्न पुढे येतो, सत्राची आखणी त्यानंतर कोणाला तरी बसून करावीच लागते.

आपल्याकडे सत्र संपताना अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतात आणि त्यालाच सहभाग म्हणतात, हे मला पटत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीला बीड जिल्ह्यातील एका गावात दिवाळीनंतर कुटुंबांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. तिच्या अहवालात ओळीने एकच नोंद होती : ‘दाराला कुलूप, शेजारी आजी व दोन नातवंडे.’ माणसे ऊसतोडीला गेली होती आणि पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे कारखान्याचा गळीत हंगाम संपल्याशिवाय, परतणार नव्हती. वेळापत्रक करणाऱ्या आम्हा शिक्षकांना हे ठाऊक नव्हते असे नाही, पण त्याची सांगड आम्ही कधी घातलीच नव्हती. तिने सुचवल्यावरून पुढच्या वर्षी मुलाखती पावसाळ्यात घेतल्या आणि हंगामातील क्षेत्रकार्य साखर कारखान्याच्या तळावर, ऊसतोड मजुरांच्या कोप्यांमध्ये (झोपड्यांमध्ये) ठेवले.

त्यामुळे सुरुवात क्षेत्रकार्यापासून करावी, असे मी सुचवेन, कारण तेथे विद्यार्थ्याला शिक्षकापेक्षा अधिक दिसते. सैद्धांतिक विषयांची निवड सर्वस्वी पहिल्या वर्षाच्या मुलांवर सोपवावी असे मात्र मी म्हणणार नाही. आपण विद्यार्थी असाल तर वर्गातील सर्वांच्या अहवालांतून अशा वारंवार येणाऱ्या अडचणी एका पानावर उतरवा आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळाच्या बैठकीपूर्वी, म्हणजे विषयपत्रिका ठरण्याआधीच, विभागप्रमुखांकडे द्या.