'सीरा झातिया'मधील 'झात' आणि आपला जातमुचलका

अरबी साहित्याविषयी वाचताना आत्मचरित्रासाठी 'सीरा झातिया' असा शब्द आढळला. त्यातील 'झात' म्हणजे आपली 'जात'च का, आणि मराठीत त्याला आत्मचरित्र म्हणावे की आत्मकथा, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

मराठीत 'जात' हे मुळात दोन निराळे शब्द आहेत. समाजातील जात संस्कृत 'जाति'पासून आली. पण 'त्यांनी जातीने लक्ष घातले' किंवा 'जातमुचलक्यावर सुटका झाली' या वाक्यांतील जात अरबीतून फारसीमार्गे आली असून तिचा अर्थ 'स्वतः' असा आहे. आरोपी स्वतःच्या नावावर जी हमी लिहून देतो तो जातमुचलका, आणि जातीपातीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. 'सीरा झातिया'तील झात हीच.

'सीरा' मला त्याहून मोलाचा वाटतो. त्याच्या मुळाशी चालणे, मार्गस्थ होणे हा अर्थ असून त्यावरून वागण्याची रीत आणि पुढे प्रेषित मुहंमदांचे चरित्र असा तो अर्थ स्थिरावला. आपल्या 'चरित्रा'च्या मुळाशीही 'चर्', म्हणजे चालणे, हाच धातू आहे. युरोपीय भाषांनी ग्रीक घटकांतून घडवलेल्या 'ऑटोबायोग्राफी' या शब्दात स्व, जीवन आणि लेखन एवढेच येते, चालणे येत नाही. म्हणून 'आत्मकथा' चूक नसली तरी 'आत्मचरित्र' हा अरबी शब्दाला अवयवागणिक जुळणारा प्रतिशब्द आहे.

मात्र हा जोडशब्द अरबीत आधुनिक काळातला आहे. जुना शब्द 'तर्जमा'. त्याचा अर्थ भाषांतर तसाच चरित्राची नोंदही, पण मराठीच्या 'तर्जुम्या'त पहिलाच अर्थ उतरला. स्वतःविषयी लिहिताना अरब इतिहासकार इब्न खल्दूनने (१३३२–१४०६) शीर्षकातही 'मी' न म्हणता 'इब्न खल्दूनची ओळख' अशा अर्थाचे शब्द योजले.

त्याच इब्न खल्दूनवर पॅरिसमध्ये प्रबंध लिहिणारे अंध इजिप्शियन लेखक ताहा हुसेन यांचे 'अल्-अय्याम' हे आत्मचरित्र (पुस्तकरूपाने १९२९) या संदर्भात पाहण्याजोगे आहे. युरोपीय साहित्यातला 'मी' त्यांना चांगला परिचित होता, तरी आपले बालपण सांगताना त्यांनी 'तो मुलगा' आणि 'साहिबुना', म्हणजे 'आमचा सोबती', असेच शब्द वापरले. पहिल्या भागाच्या अखेरीस निवेदक ताहा हुसेन यांच्या नऊ वर्षांच्या मुलीशी बोलतो, तेव्हा 'मी' येतो खरा, पण तो म्हणतो की तुझ्या वडिलांना मी त्यांच्या लहानपणी ओळखत होतो. वडिलांच्या मांडीवर बसून ती अंध राजा इडिपसची ग्रीक कथा ऐकत असते आणि राजाची मुलगी त्याला हाताला धरून नेते तिथे रडू लागते, कारण त्या राजात तिला आपले वडील दिसतात. ताहा हुसेन यांचे सगळ्यांत जवळचे रूप असे परक्या कथेतून आणि दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचकासमोर येते.

त्यामुळे या ग्रंथाच्या मराठी अनुवादात 'साहिबुना'च्या जागी सोयीसाठी 'मी' घालू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. आपला 'साहेब' याच शब्दातून आला असला, तरी तोही येथे चालणार नाही, कारण त्यात आता हुद्दा आणि मान आला आहे आणि मूळचा सोबती हा अर्थ हरवला आहे. 'आमचा सोबती' असेच लिहावे.