कोकणातल्या घराला खिडक्या निवडताना

पहिलंच घर, तेही रत्नागिरीकडे, म्हणजे कॅटलॉग नंतर उघडा. आधी झड कुठून येते ते बघा. आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येचा, त्यामुळे मारा दक्षिण-पश्चिमेच्या भिंतींवर. त्या बाजूला बिजागरीची, बाहेर उघडणारी खिडकी घ्या आणि वर चांगला दोन फुटांचा छज्जा काढा. तिची झडप रबरी पट्टीवर दाबून बसते. स्लायडिंगला फटी राहतातच, रुळातली पाणी बाहेर जायची भोकं तुंबली की पाणी थेट घरात. ग्रिल मात्र आतून बसवावं लागेल, कडीपर्यंत हात पोचेल असं. गवंड्याला आजच सांगा.

नव्या लोकांच्या नेहमीच्या चुका:

- दोन पल्ल्यांची स्लायडिंग निम्मीच उघडते. चार फुटी घेतली तरी वारा दोन फुटांतूनच येतो.
- डासांची जाळी आठवते चौकट बसल्यावर. स्लायडिंग घेणार असाल तर तीन रुळांचीच सांगा, तिसरा रूळ जाळीसाठी.
- खिडकीखालच्या कट्ट्याला बाहेर उतार नसतो. भिंतीला ओल धरते ती इथूनच!

काच, रंग, आवाज रोखणं हे सगळं पुढे बघू. आत्ता नकाशावर उत्तर दिशा दाखवून खोल्या कळवा, एकेक खिडकी मिळून ठरवू.